चित्र कोणाच्या हाती: बारामती-इंदापुरातील सचित्र निवेदनाचा इतिहास

लोकांसमोर चित्र ठेवून बोलण्याची रीत नीरा-भीमेच्या खोऱ्यात जुनी आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, आणि इंदापूर तालुक्यातल्या नीरा-नरसिंहपूरला दोघींचा संगम. आज या भागात शेतकरी मेळावा असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की साखर कारखान्याची वार्षिक सभा, मंचावर पडदा आणि त्यावर सरकणाऱ्या स्लाइड ठरलेल्याच असतात. त्याला सगळे 'पीपीटी' म्हणतात. या पीपीटीच्या मागे चित्रकथ्यांची पोथी, काचेच्या चित्रांचा कंदील, तंबूतला सिनेमा, कृषी विस्ताराचे तक्ते आणि पारदर्शिकांचा प्रोजेक्टर अशी लांबलचक परंपरा उभी आहे. साधने बदलत गेली, तरी एक प्रश्न प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पुढे आला. बोलणाऱ्याच्या हातात चित्र आहे, की ते दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे? सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे झालेल्या सुधारणांचे महत्त्वही याच प्रश्नातून कळते.

सर्वांत जुना दाखला चित्रकथ्यांचा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये चित्रे दाखवून पोट भरणारा समाज म्हणून चित्रकथ्यांची वेगळी नोंद आहे. देशावर ही कला विसाव्या शतकात विरत गेली. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ती जिवंत ठेवली, आणि तिथले परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. देशावरच्या जुन्या चित्रांना 'पैठणी चित्रे' म्हणतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात.

चित्रकथ्याची पद्धत आजच्या सादरीकरणाशी थक्क करण्याइतकी जुळते. एका आख्यानाची चित्रे म्हणजे एक पोथी. हातकागदावर रंगवलेली दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत, म्हणजे पान उलटले की पुढचा प्रसंग हजर. निवेदक मांडी घालून बसे, पाटीच्या आधाराने चित्र प्रेक्षकांकडे धरी आणि तोंडाने कथा, हाताने वीणा किंवा टाळ, मध्येच साथीदाराचा हुडूक अशी बैठक चाले. प्रसंग संपला की तो स्वतः पान फिरवी. रावण कधी दिसणार, आणि प्रेक्षक हेलावले असतील तर सीतेचे चित्र किती वेळ समोर ठेवायचे, हे त्याचे तोच ठरवी. चित्र आणि शब्द एकाच माणसाच्या ताब्यात असणे हे या कलेचे खरे बळ होते. पुढे यंत्रांनी हेच बळ काढून घेतले.

बारामतीचे नाव मराठी वाङ्मयात ज्यांच्यामुळे कायमचे कोरले गेले ते मोरोपंत चित्राविना बोलणाऱ्यांचे प्रतिनिधी. १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत सरदार बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी महाराष्ट्रभर नेल्या. नारदीय कीर्तनाची मांडणी पक्की असते: आधी पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण, मग उत्तररंगात त्याला आधार देणारे आख्यान. मुद्दा आधी आणि उदाहरण नंतर, हा क्रम आज कुठल्याही प्रशिक्षणात शिकवला जातो. कीर्तनकाराजवळ बाड असे. आर्या, दिंड्या, साक्या, अभंग आणि दृष्टान्त उतरवून घेतलेली ही वही श्रोत्यांना दाखवण्यासाठी नव्हती; ती फक्त सांगणाऱ्यासाठी होती. लोकांनी पाहायचे ते वेगळे आणि वक्त्याने पाहायचे ते वेगळे, ही विभागणी इथे स्पष्ट दिसते. सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरला ती नीट साधायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तुकोबांची पालखी आजही बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी मुक्काम करत पंढरीला जाते, आणि वाटेवर रात्रीची कीर्तने चित्राशिवायच रंगतात. चांगल्या वक्त्याला पडदा लागतोच असे नाही, याचा हा दरवर्षीचा पुरावा आहे.

पडदा आला तो काचेच्या चित्रांबरोबर. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि अंधारात उजळणारा पडदा. खेळात निवेदन, संवाद आणि गाणी असत. पटवर्धनांचे कसब चित्र हलते भासवण्यात होते. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या ढबींच्या काचा एकामागून एक इतक्या सफाईने बदलल्या जात की पात्राने हात उचलला असेच वाटे. दोन भिंगांच्या कंदिलात एक चित्र मंद करत दुसरे उजळत नेण्याची युक्ती युरोपातही रूढ होती. आजच्या स्लाइडमध्ये एक चित्र विरघळून दुसरे उमटते तो परिणाम तिथूनच आला आहे. पटवर्धनांचे मुलगेही याच उद्योगात उतरले आणि हे खेळ १९१८ च्या आसपासपर्यंत चालले. दरम्यान १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि काचेच्या चित्रांची जादू ओसरली.

कंदिलाने एक मोठा फरक केला. चित्र आता कंदील चालवणाऱ्याच्या हाती गेले आणि निवेदक पडद्याशेजारी उभा राहिला. दोघांचा ताल जुळला तर खेळ रंगे, नाही तर सीतेच्या शोकाला लंकादहनाचे चित्र. मुंबई इलाख्यात मिशनऱ्यांनी, आरोग्य खात्याने आणि सहकाराच्या प्रचारकांनीही जादूच्या कंदिलाची व्याख्याने दिली. त्यांची तऱ्हा हीच होती: साहेब बोलणार, सहायक काचा बदलणार. सिनेमाने तर निवेदकाची गरजच संपवली. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजमध्ये लोकांना गोष्ट मिळाली, पण गोष्ट सांगणारा माणूस समोर उरला नाही. त्याला थांबवून 'हे पुन्हा सांगा' म्हणता येत नव्हते. करमणुकीला ते चालून जाते. पण कोणते खत कधी घालायचे हे समजून घ्यायला आलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा असतो.

आणि या भागात पडद्याची खरी गरज शेतीतूनच निर्माण झाली. नीरेच्या डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही तालुक्यांत बागायतीचा पट्टा तयार झाला. त्याच्या वरच्या अंगाला मात्र जिरायत माळ तहानलेलाच राहिला. विसाव्या शतकात ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. १९५० आणि १९६० च्या दशकांत माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती आणि सोमेश्वर हे सहकारी कारखाने आले. हजारो सभासदांना एकाच वेळी लागवडीचे नवे तंत्र सांगायचे तर केवळ भाषण पुरेना. १९५२ मध्ये सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाने देशभर 'विस्तार' ही शाखा रुजवली आणि तिच्याबरोबर तक्ते, फ्लॅश कार्ड, फ्लॅनेलग्राफ आणि फिल्म स्ट्रिप ही साधने खेड्यात आली.

या साधनांकडे आता कोणी वळूनही पाहत नाही, पण ती उपेक्षा करण्याजोगी नाहीत. फ्लॅनेलग्राफ म्हणजे फळीवर ताणलेले फ्लॅनेलचे कापड. पाठीला सँडपेपर किंवा खरखरीत कापड चिकटवलेली कागदी चित्रे त्याला अलगद चिकटत. ग्रामसेवक आधी माती लावी, मग रोप, मग खताची रिंग, मग पाण्याची सरी, आणि बोलता बोलता लोकांच्या डोळ्यांसमोर एकेक तुकडा जोडत पूर्ण चित्र उभे करी. स्लाइडवर मुद्दे एकामागून एक आणण्याचे ॲनिमेशन हेच काम करते. फ्लॅश कार्डांची रीत आणखी साधी: समोर चित्र, पाठीमागे बोलायचे चार मुद्दे. कार्ड छातीशी धरून दाखवणाऱ्याला पुढचे वाक्य आधीच्या कार्डाच्या पाठीवर वाचता येई. चित्रकथ्याच्या काळानंतर चित्र पहिल्यांदा पुन्हा बोलणाऱ्याच्या हातात आले, तेही वीज, दिवा किंवा यंत्राशिवाय.

बारामतीत या कामाला संस्थांचा पाया मिळाला. आप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान सुरू झाले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. त्याच वर्षीच्या भीषण दुष्काळाने जिरायत गावांना पाणी अडवण्याचे आणि जपून वापरण्याचे महत्त्व शिकवले. ठिबक सिंचन ही तर चित्राशिवाय पटवून देणेच अवघड अशी गोष्ट होती. पाटाने शेत भिजवणाऱ्या माणसाला थेंबाथेंबाने ऊस पोसतो हे सांगून पटत नाही, दाखवावे लागते. कृषी विकास प्रतिष्ठानचे कृषी विज्ञान केंद्र १९९२ मध्ये माळेगाव खुर्दच्या शारदानगरला सुरू झाले, तेव्हा राज्यातल्या विस्तार कामात ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइडचा जमाना होता. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ असोत की मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे, त्यांच्या पिशवीत स्लाइडची पेटी असे.

स्लाइड प्रोजेक्टरची शिस्त कडक होती. स्लाइड उलटी आणि डोक्यावर बसवायची, म्हणजे पडद्यावर सुलटी दिसते. एक चुकली तर द्राक्षाचा घड आभाळाकडे तोंड करून लटके. खोलीत अंधार हवा, आणि अंधारात शेतकऱ्यांना काही टिपून घेता येत नसे. क्रम एकदा लागला की तो सभेत बदलता येत नसे. एखाद्याने मधूनच भुरी रोगाबद्दल विचारले आणि भुरीची स्लाइड अठरावी असली, तर वक्त्याला 'पुढे येईल' म्हणण्यावाचून गत्यंतर नसे. ओव्हरहेड प्रोजेक्टरने यातून काही अंशी सुटका केली. पारदर्शिका टेबलावर सुट्या असत, हवी ती उचलून ठेवता येई, मार्करने तिच्यावर बाण काढता येई, आणि दिवे न मालवता, प्रेक्षकांकडे तोंड ठेवून बोलता येई. अनुभवी प्राध्यापक पारदर्शिकेवर कागद ठेवून तो एकेक ओळ खाली सरकवत. चित्र पुन्हा वक्त्याच्या हाती आले, पण ते होते काळ्या-निळ्या अक्षरांचे; पानावरच्या रोगाचा रंग त्यात दिसत नव्हता.

पारदर्शिकांच्या याच जगातून सादरीकरणाचे सॉफ्टवेअर जन्माला आले. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवले; कामचलाऊ नाव होते 'प्रेझेंटर'. एप्रिल १९८७ मध्ये ते 'पॉवरपॉइंट' या नावाने मॅकिंटॉशसाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती कंपनी विकत घेतली. पहिली आवृत्ती फक्त ओव्हरहेडच्या काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका छापायला उपयोगी होती. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीने रंगीत ३५ मिलिमीटर स्लाइड करता आल्या. १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीने संगणकावरून थेट पडद्यावर चित्र नेले आणि मग चित्रे विरघळण्याची, सरकण्याची जुनी जादू परत आली. सुरुवातीपासून पॉवरपॉइंटमध्ये आणखी एक सोय होती. वर स्लाइडचे छोटे चित्र आणि खाली वक्त्याची टिपणे असे पान छापता येई. फ्लॅश कार्डाची पाठ आणि कीर्तनकाराचे बाड त्या पानावर एकत्र आले होते, पण कागदावर. बोलताना तो कागद हातात धरून चाळावा लागे.

बारामतीत संगणक रुजला तो २००० च्या आसपास. विद्या प्रतिष्ठानची माहिती तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि माहिती तंत्रज्ञानाचा ग्रामविकासाशी काय संबंध यावर इथे देश-विदेशच्या अभ्यासकांच्या परिषदा भरल्या. सर्वसामान्य माणसापर्यंत मात्र पॉवरपॉइंट पोचले ते एमएस-सीआयटीमुळे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांत पोचला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्याने शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारखान्यातले कारकून यांनी एकाच काळात स्लाइड बनवायला शिकून घेतले. चित्रकथ्यांपासून चालत आलेल्या या कामाचा इतका मोठा प्रसार यापूर्वी कधीच झाला नव्हता.

त्याचा उपयोग किती निकडीचा होता हे उसावरच्या लोकरी माव्याने दाखवून दिले. जुलै २००२ मध्ये सांगली भागात ही कीड दिसली आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात पसरली. पानाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या लोकरीसारखा थर, त्यातून गळणारा चिकट द्रव आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी. शेतकऱ्यांचा पहिला कल औषध मारण्याकडे होता. पण शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की माव्याच्या थरातच त्याचे शत्रू वाढतात: डिफा या पतंगाची अळी आणि मायक्रोमस या कीटकाची अळी. दोन्ही माव्यावर जगतात. अंदाधुंद फवारणी केली तर मावा मरण्याआधी हेच मरतात. आता अडचण अशी की ज्याला माहीत नाही त्याला डिफाची अळी उसावरची आणखी एक कीडच वाटते. मावा तर अवघ्या दोनेक मिलिमीटरचा. तो आणि त्याचा शत्रू यांतला फरक शब्दांनी सांगून भागत नव्हते. भिंगातून घेतलेले छायाचित्र पडद्यावर हातभर मोठे करून 'हा मारायचा, हा जपायचा' असे शेजारी शेजारी दाखवावे लागले. नव्या छायाचित्राची स्लाइड धुऊन यायला पूर्वी काही दिवस जात; आता डिजिटल कॅमेऱ्यातले चित्र त्याच संध्याकाळच्या सभेत दाखवता येऊ लागले. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांपासून चिटबॉयपर्यंत साऱ्यांनी मित्रकीटक ओळखायला शिकणे आणि ते मित्रकीटक असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन लावणे, हा महाराष्ट्राच्या कृषी विस्तारातला अभिमानाचा अध्याय आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या वेळीही बुरशीचा डाग आणि तेल्याचा डाग यांतला फरक असाच चित्राने समजावावा लागला.

या काळातला सर्वांत मोठा अडथळा होता तो लिपीचा. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, डीव्हीबी-टीटी योगेश, शिवाजी, किरण अशी सॉफ्टवेअर आणि फॉन्ट यांची गर्दी होती आणि एकाचे दुसऱ्याशी जमत नव्हते. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. घरच्या संगणकावर सुबक दिसणारी स्लाइड सभागृहातल्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की 'ठिबक सिंचनाचे फायदे' या शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरे, आकडे, कंस आणि टिंबे यांची रांग उमटे. समोर दोनशे शेतकरी बसलेले, आणि वक्ता पेन ड्राइव्हमध्ये फॉन्ट शोधतो आहे, हा प्रसंग त्या दशकात बोललेल्या जवळपास प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. काही जण मजकुराचे चित्र करून तेच स्लाइडवर चिकटवत; मग शेवटच्या क्षणी एक आकडा जरी बदलायचा म्हटले तरी सारे पहिल्यापासून करावे लागे. युनिकोडने हा पेच सोडवला. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट मराठी सुलेखनाचे थोर अभ्यासक प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी खूण करून बसवून घ्यावी लागे आणि अनेक कार्यालयांत ती कोणी बसवलेलीच नसे, म्हणून जुने फॉन्ट आणखी बरीच वर्षे टिकून राहिले. पुण्यात मराठी संगणनाचे एवढे काम झालेले असताना पुणे जिल्ह्यातल्याच शेतकऱ्याला स्वच्छ मराठी स्लाइड दिसायला इतका उशीर व्हावा, ही खंत बाळगण्याजोगीच गोष्ट आहे.

अक्षर योग्य दिसले तरी ते नितळ दिसणे ही पुढची पायरी. सुरुवातीचे प्रोजेक्टर आडवे ८०० आणि उभे ६०० ठिपके दाखवत. आठ फुटी पडद्यावर ८०० ठिपके पसरले की एकेक ठिपका सुमारे तीन मिलिमीटरचा होतो. मग तिरपी रेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि 'ळ', 'क', 'श' यांसारख्या वळणदार अक्षरांच्या कडा करवतीसारख्या. उसाच्या उताऱ्याचा आलेख काढला तर रेषा चढते आहे की अडखळते आहे हे मागच्या रांगेतून समजत नसे. यावरचा उपाय असा: रेषेच्या कडेवर येणाऱ्या ठिपक्याला पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा न ठेवता, रेषेने त्याचा जेवढा भाग व्यापला असेल तेवढी मधली छटा द्यायची. डोळा दुरून त्या छटा एकत्र करतो आणि कडा सलग भासते. ॲपलच्या 'कीनोट'ने २००३ मध्ये अशा नितळ चित्रांना आणि सफाईदार बदलांना मोठे स्थान दिले. फुकट मिळणाऱ्या ओपनऑफिसच्या 'इम्प्रेस'मध्ये ही सुधारणा मे २००९ च्या ३.१ आवृत्तीत आली. ज्या शाळा-महाविद्यालयांना विकतचे सॉफ्टवेअर परवडत नव्हते त्यांच्यासाठी ही तारीख महत्त्वाची आहे. केंद्र सरकारने २००५ पासून भारतीय भाषांसाठी फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या मोफत सीडी वाटायला सुरुवात केली होती आणि सी-डॅकने ओपनऑफिसचे मराठीकरणही केले होते. २०१० मध्ये ओपनऑफिसमधूनच लिब्रेऑफिस वेगळे निघाले.

वक्त्यासाठीची साधने हा या कथेतला कळीचा टप्पा. या शतकाच्या पहिल्या वर्षांत पॉवरपॉइंटमध्ये 'प्रेझेंटर व्ह्यू' आले. लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला की दोन पडदे वेगळे धरता येतात: लोकांना फक्त चालू स्लाइड दिसते, वक्त्याला ती स्लाइड, पुढची स्लाइड, त्याची स्वतःची टिपणे आणि किती वेळ झाला ते घड्याळ दिसते. ओपनऑफिससाठी सन कंपनीने 'प्रेझेंटर कन्सोल' ही जोडणी काढली; पुढे लिब्रेऑफिसमध्ये ती मूळ सॉफ्टवेअरचाच भाग झाली. २०१३ च्या लिब्रेऑफिस ४.० बरोबर मोबाइलवरून स्लाइड पुढे-मागे करायची सोय आली. पॉवरपॉइंटच्या २०१३ च्या आवृत्तीने दुसरा पडदा जोडताच ही दोन पडद्यांची रचना आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था केली. हवी ती स्लाइड लहान चित्रांच्या ओळीतून निवडता येऊ लागली, म्हणजे कोणी मध्येच भुरीबद्दल विचारले तर अठराव्या स्लाइडवर थेट उडी मारता येते. जे स्लाइड प्रोजेक्टरला कधीच जमले नाही ते आता जमले.

मात्र ही सोय संगणकात असणे आणि प्रत्यक्ष वापरली जाणे यांत अंतर राहिले. ग्रामीण सभांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांवर एकच चित्र ठेवण्याची सवय पडली होती, कारण दोन पडदे वेगळे करण्याची कळ फारशा कोणाला माहीत नव्हती. मग वक्त्याला स्वतःची टिपणे दिसेनात आणि तो सारी टिपणे स्लाइडवरच भरू लागला. अक्षरांनी खच्चून भरलेली, पाठ वळवून वाचून दाखवलेली स्लाइड ही आपल्याकडच्या सादरीकरणाची मोठी खोड आहे, आणि ती यातूनच आली. त्यात भारनियमनाची भर. २००५ नंतरच्या वर्षांत वीज कधी जाईल याचा नेम नसे. प्रोजेक्टरचा दिवा बंद झाल्यावर त्याचा पंखा काही वेळ फिरून दिव्याला थंड करतो. वीज अचानक गेली की पंखाही थांबतो आणि महागडा दिवा लवकर जातो. म्हणून सभेला जनरेटर आला, जनरेटरचा आवाज आला आणि वक्त्याला आवाज चढवावा लागला. पडदा नसलेली विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' ९०.४ एफएमवरून त्याच शेतकऱ्यांशी शांतपणे बोलत होती, आणि अनेकदा तीच जास्त पोचली.

शाळांत बदल आणखी झपाट्याने झाला. ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेने डिजिटल वर्गाचा नमुना घालून दिल्यानंतर, आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर, जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही घेतले. भीमेच्या पलीकडे, इंदापूरला लागून असलेल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला त्यात पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या कामाचा मोठा वाटा होता. कोविडच्या काळात शिक्षकांनी स्लाइड मोबाइलवर पाठवल्या. पडदा पुन्हा हातभर अंतरावर आला, पण शिक्षकाचा चेहरा एका कोपऱ्यातल्या चौकटीत गेला.

मोठ्या मैदानांवर याच काळात उलटा प्रवास झाला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या सभांमध्ये 'लाव रे तो व्हिडिओ' हे वाक्य महाराष्ट्रभर गाजले. तिथे वक्ता पुढे आणि चित्र चालवणारा मागे होता, म्हणजे कंदिलाच्या काळातलीच मांडणी. ती यशस्वी झाली कारण वक्त्याच्या बोलण्याचा ताल आणि पडद्यावरचा प्रसंग यांची आधी पुरती घडी बसवलेली होती. आज पालखीबरोबर फिरणारे सरकारी योजनांचे एलईडी चित्ररथ त्याउलट आहेत: चित्र झगमगते, पण त्याच्याशी बोलणारा कोणी नसतो, आणि वारकरी घटकाभर पाहून पुढे जातो.

बारामतीत आता आणखी एक टप्पा सुरू झाला आहे. कृषी विकास प्रतिष्ठानने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची चित्रे, शेतातले संवेदक आणि हवामानाची नोंद यांवरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर त्याच्याच शेताचा रंगीत नकाशा येतो. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला. ज्या कंपनीच्या स्लाइडवर इथल्या शेतकऱ्यांनी पंचवीस वर्षे माहिती घेतली, तिचे सॉफ्टवेअर आता प्रत्येकाला त्याच्या बांधापुरते वेगळे चित्र दाखवते. दरवर्षी जानेवारीत शारदानगरला भरणाऱ्या 'कृषिक' प्रदर्शनात मात्र सर्वांत मोठी गर्दी अजूनही उभ्या पिकाच्या प्रात्यक्षिकांभोवती होते, आणि तिथे दाखवणारा व सांगणारा माणूस एकच असतो.

या इतिहासाचा एक मोठा पुरावा मात्र झिजत चालला आहे. १९७० ते २००० या काळात प्राध्यापकांनी, कृषी अधिकाऱ्यांनी आणि बागायतदारांनी घेतलेल्या रंगीत स्लाइड आज कुठल्या तरी कपाटात, पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. त्यांचे रंग उडत आहेत आणि पावसाळ्यागणिक त्यांवर बुरशी चढते आहे. पहिल्या ठिबकचे प्लॉट, पाझर तलावांची कामे, जुने उसाचे वाण, त्या काळच्या रोगांची लक्षणे यांचा दुसरा रंगीत दस्तऐवज बहुतेक ठिकाणी नाही. स्लाइड स्कॅन करायला लागणारे यंत्र आता बाजारात मिळते. ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात अशी पेटी असेल त्यांनी ती आधी कोरड्या जागी हलवावी, प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर गाव, पीक आणि साल लिहून ठेवावे आणि जवळच्या महाविद्यालयाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे स्कॅनिंगसाठी द्यावी. चित्र काढणारी आणि त्यावर बोललेली माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच त्या चित्रांची नावे लिहून घेता येतील.